खुल्या अंगणातील खेळ

विटीदांडूचा खेळ कोणी शोधून काढला, हे कोणालाच ठाऊक नाही. आणि ते ठाऊक नाही म्हणून कोणाचे काही अडलेलेही नाही. झाडाची एक फांदी मिळवावी, तिचा हातभर दांडू करावा, उरलेल्या तुकड्याची दोन्ही टोके निमुळती करून विटी तासावी, जमिनीत चार बोटे लांबीची खाच उकरावी, की खेळ सुरू झाला. एका गावाची एक रीत, तर शेजारच्या गावाची दुसरी; कोठे वकट-लेंड म्हणत मोजतात, तर कोठे मोजण्याचे शब्दच निराळे. विटी हरवली तर दुसरी तासता येते. नियम गैरसोयीचा वाटला तर चार गड्यांच्या संमतीने तो बदलता येतो. खेळाची सारी घडण उघड्यावर असते. तीत लपविण्यासारखे काही नसते आणि तिच्यासाठी कोणाची परवानगीही लागत नाही.

संगणकावरील खेळांची तऱ्हा मात्र निराळी. असा खेळ म्हणजे संगणकाला दिलेल्या असंख्य आज्ञांची एक चोपडीच होय. मनुष्याला वाचता येईल अशा रूपात ही चोपडी प्रथम लिहिली जाते. तिला मूळ संहिता किंवा सोर्स कोड म्हणतात. परंतु दुकानात जो खेळ येतो, तो या रूपात येत नाही. केवळ यंत्राला कळावे अशा आकड्यांच्या भाषेत तो गोठवलेला असतो. मूळ संहिता मालकाच्या तिजोरीत राहते आणि खेळणाऱ्याच्या हाती पडतो तो एक बंद डबा. त्यातून गंमत अशी की, हा डबा वाटेल त्या अंगणात उघडतही नाही. ज्या संगणक-प्रणालीसाठी तो तयार केला असेल, तिच्यातच तो उघडतो. घरोघरच्या संगणकांवर अनेक वर्षे मायक्रोसॉफ्ट कंपनीच्या प्रणालींचे, प्रथम डॉसचे आणि पुढे विंडोजचे, राज्य होते. तेव्हा बहुतेक खेळ त्यांच्यासाठीच होत. ज्यांनी लिनक्स नावाची खुली प्रणाली पसंत केली, त्यांच्या वाट्याला कित्येक वर्षे कुंपणाबाहेर उभे राहून दुसऱ्यांचा खेळ पाहणेच आले. हे कुंपण कसे ओलांडले गेले, याची हकीकत मोठी मनोरंजक आहे. आणि योगायोग असा की, तिचा आरंभ एका खेळाच्या सोबतीनेच होतो.

फिनलंड देशाची राजधानी हेलसिंकी. तेथील विद्यापीठात लिओ तोर्नक्विस्ट नावाचे संख्याशास्त्राचे प्राध्यापक होते. १९८१ च्या सुमारास त्यांनी कमोडोर व्हिक-२० हा एक छोटासा संगणक विकत घेतला. आजोबांचा हात त्या नव्या यंत्रावर सहजी वळेना. म्हणून ते आपले प्रोग्रॅम कागदावर लिहून काढीत आणि मुलीच्या मुलाला मांडीवर बसवून त्याच्याकडून ते टंकून घेत. नातवाचे नाव लिनस टोरवाल्ड्स. वय अवघे अकरा वर्षांचे. त्या यंत्राची स्मृती पाच किलोबाइटची, म्हणजे वहीच्या दोन-तीन पानांत मावेल एवढ्याच मजकुराची होती. आजोबांचे कागद टंकता टंकता नातू स्वतःचे लहानलहान खेळ लिहू लागला. पुढे घरात दुसरा, थोडा मोठा संगणक आला, तेव्हा त्याने भुलभुलैयात ठिपके खात फिरणाऱ्या प्रसिद्ध पॅक-मॅनसारखा एक खेळ आपल्या हाताने रचला. खेळणे आणि खेळ घडविणे ही दोन निराळी कामे आहेत, असे त्या मुलाला कधी वाटलेच नसावे.

१९९१ च्या आरंभी, एकविसाव्या वर्षी, लिनसने एक नवा शक्तिमान संगणक घेतला. पदरचे पैसे पुरेसे नव्हते. तेव्हा काही रोख आणि बाकीचे हप्त्यांनी, असा व्यवहार ठरला. यंत्राबरोबर आलेली प्रणाली त्याला पसंत नव्हती. त्याला हवी होती ती विद्यार्थ्यांना शिकविण्यासाठी प्राध्यापक अँड्र्यू टॅनेनबॉम यांनी रचलेली मिनिक्स ही प्रणाली. तिच्या तबकड्या मागविल्या, पण त्या यावयास कित्येक आठवडे लागले. मग नव्या यंत्रापुढे बसून या विद्यार्थ्याने काय केले? तो ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ खेळत बसला!

हा खेळ जॉर्डन मेकनर या अमेरिकन तरुणाने रचला असून तो १९८९ मध्ये प्रथम प्रसिद्ध झाला. तळघरात कोंडलेल्या एका तरुणाने साठ मिनिटांच्या आत पहारेकऱ्यांशी तलवार खेळत, टोकदार खिळ्यांवरून उड्या घेत बाहेर पडावयाचे आणि राजकन्येला सोडवावयाचे, अशी त्याची कथा. राजपुत्राचे धावणे-उडी मारणे खरे वाटावे म्हणून मेकनरने आपल्या धाकट्या भावाला धावावयास व उड्या मारावयास लावले, त्याचे चित्रीकरण केले आणि त्या चित्रांवरून एकेक हालचाल उतरवून घेतली. ज्यांनी तो खेळ पाहिला आहे, त्यांना त्या चिमुकल्या आकृतीच्या पावलांतील जिवंतपणा सहसा विसरता येत नाही.

तबकड्या आल्या. मिनिक्स बसली. पण तिच्यातील काही उणिवा लिनसला बोचू लागल्या, आणि त्या भरून काढण्याच्या नादात त्याच्या हातून एक नवीच प्रणाली आकार घेऊ लागली. २५ ऑगस्ट १९९१ रोजी त्याने संगणकप्रेमींच्या एका मंडळात तिची वार्ता जाहीर केली. तीही किती संकोचाने! हा केवळ आपला छंद आहे, यातून फार मोठे काही निघणार नाही, अशा अर्थाचे त्याचे ते निवेदन होते. थोड्याच दिवसांत त्याने तिची मूळ संहिता सर्वांसाठी खुली केली, आणि १९९२ मध्ये ती ज्या परवान्याखाली आणली, त्याचा आशय असा: ज्याला हवी त्याने ती घ्यावी, वाचावी, बदलावी, दुसऱ्याला द्यावी, मात्र बदललेली प्रत देताना तिची संहिताही उघडीच ठेवावी. हा परवाना रिचर्ड स्टॉलमन या अमेरिकन गृहस्थांनी तयार केला होता. संगणकाचा प्रोग्रॅम कुलपात ठेवू नये, यासाठी ते १९८३ पासून झटत होते. या प्रणालीचे नाव लिनक्स. जगातल्या अनेक देशांतील माणसांनी पुढे तिच्यात भर घातली.

मात्र या सुंदर घटनेत एक चमत्कारिक गोष्ट दडलेली होती. ज्या यंत्रावर लिनस राजपुत्राला नाचवीत असे, त्याच यंत्रावर त्याने अशी प्रणाली उभी केली की, जिच्यात राजपुत्राला पाऊलही टाकता येत नव्हते. तो खेळ डॉससाठी घडविलेला होता. नवे अंगण खुले होते, पण त्यात खेळ नव्हते.

असे का व्हावे, हे समजण्यासाठी प्रणाली म्हणजे काय, ते थोडे पाहिले पाहिजे. संगणकावरील प्रोग्रॅम बहुतेक कामे स्वतःच्या हाताने करीत नाही. पडद्यावर चित्र उमटवावयाचे असो, ध्वनी काढावयाचा असो, की मिळविलेल्या गुणांची नोंद जपून ठेवावयाची असो, त्याला प्रणालीकडे अर्ज करावा लागतो. मोठ्या वाड्यातील कारभाऱ्याप्रमाणे प्रणाली तो अर्ज घेते, कोठीचे दार उघडते आणि मागितलेली वस्तू आणून देते. परंतु प्रत्येक वाड्याचा अर्जाचा नमुना वेगळा. विंडोजच्या वाड्यात वस्तूचा पत्ता लिहिताना मध्ये ज्या तिरक्या रेघा घालतात, त्या एका बाजूला झुकतात. लिनक्समध्ये त्या दुसऱ्या बाजूला झुकतात. विंडोज सामान्यतः इंग्रजी लिपीतील थोरल्या व धाकट्या अक्षरांत भेद मानीत नाही. नकाशाच्या वहीचे नाव थोरल्या अक्षराने लिहिले काय आणि धाकट्याने लिहिले काय, तिला तीच वही सापडते. लिनक्सला मात्र या दोन निराळ्या वह्या वाटतात; म्हणून विंडोजमध्ये बिनतक्रार सापडणारा नकाशा येथे सापडत नाही आणि खेळ दारातच अडखळतो. असे लहानमोठे भेद एक-दोन नव्हेत, हजारो आहेत.

या अडचणीतून सुटण्याचा सरळ मार्ग म्हणजे खेळाच्या मालकानेच दुसऱ्या प्रणालीसाठी त्याची निराळी आवृत्ती काढावी. काहींनी ती काढलीही. राक्षसांशी झुंजण्याचा ‘डूम’ हा गाजलेला खेळ १९९४ मध्ये लिनक्सवर आला. १९९७ च्या डिसेंबरात त्याच्या निर्मात्यांनी त्याची मूळ संहिताच लोकांपुढे ठेवली, तेव्हा ती डॉसची न ठेवता लिनक्सची ठेवावी लागली. कारण डॉसच्या आवृत्तीतील ध्वनीचा भाग दुसऱ्याच्या मालकीचा होता. ज्या डूमच्या लिनक्स-आवृत्तीला फारसे गिऱ्हाईक नव्हते, तीच अशा रीतीने साऱ्या जगाच्या उपयोगी पडली.

१९९८ मध्ये अमेरिकेत लोकी नावाची एक कंपनी निघाली. दुसऱ्यांचे नामांकित खेळ परवानगीने घ्यावे आणि लिनक्ससाठी पुन्हा घडवावे, हाच तिचा उद्योग होता. काम उत्तम होते, पण गिऱ्हाईक थोडे. लिनक्सवर खेळ नाहीत म्हणून खेळाडू येत नाहीत, आणि खेळाडू नाहीत म्हणून कोणी खेळ काढीत नाही. बी आधी की झाड आधी, असा हा पेच होता. २००२ च्या आरंभी कंपनी बंद पडली. तथापि तिचे सारेच वाया गेले, असे म्हणता येत नाही. सॅम लँटिंगा नावाचे एक प्रोग्रॅमर तेथे काम करीत. पडदा, ध्वनी आणि कळा यांच्याशी कोणत्याही प्रणालीत एकाच पद्धतीने बोलता यावे, यासाठी त्यांनी १९९८ मध्ये एसडीएल नावाची अवजारांची एक पेटी तयार केली होती आणि ती सर्वांना खुली ठेवली होती. दुकान बुडाले, पण पेटी राहिली. ती आजही असंख्य खेळांत वापरली जाते.

दुसरा मार्ग अधिक बिकट होता. मालकाची मदत न मागता, डबा न फोडता, केवळ एक दुभाषा मध्ये उभा करावयाचा. खेळाने विंडोजच्या भाषेत अर्ज करावा. दुभाष्याने तो ऐकून लिनक्सच्या भाषेत सांगावा. आलेले उत्तर पुन्हा विंडोजच्या थाटात खेळाला द्यावे. आपण परक्या वाड्यात आलो आहोत, याची खेळाला शंकाही येऊ नये! हे काम १९९३ मध्ये सुरू झाले आणि त्याला नाव मिळाले ‘वाइन’. नाव मद्याचे असले, तरी त्यात शब्दांचा खेळ आहे. ‘वाइन म्हणजे नक्कल करणारे यंत्र नव्हे’ अशा अर्थाच्या इंग्रजी वाक्यातील शब्दांच्या आद्याक्षरांनी ते बनले आहे. नक्कल करणारा प्रोग्रॅम परका संगणक संपूर्णच उभा करतो. जणू पाहुण्यासाठी त्याचे गाव उचलून आणतो. दुभाषा तसे काही करीत नाही. तो केवळ दाराशी उभा राहून बोलणे पोहोचवितो, म्हणून त्याचे काम हलके व वेगाचे असते. वाइनवर प्रथम जे प्रोग्रॅम चालू लागले, त्यांत पत्त्यांचा सॉलिटेअर हा खेळ होता. एवढ्या विद्वान मंडळींनी एवढे कष्ट उपसावे आणि त्यातून एकट्याने खेळावयाचा पत्त्यांचा डाव निघावा, याचे कोणाला हसू येईल. परंतु कुंपणाला पहिले भोक पडले होते.

१९९४ मध्ये या कामाची धुरा अलेक्झांडर ज्युलियार यांच्याकडे आली. स्वित्झर्लंडमधील लोझान येथील प्रसिद्ध तंत्रशिक्षण संस्थेत त्यांचे शिक्षण झाले होते. त्यानंतर तीस वर्षांहून अधिक काळ त्यांनी ती धुरा खाली ठेवलेली नाही. लिनसचे नाव जगभर झाले. ज्युलियार यांचे नाव फारसे कोणाला ठाऊक नाही. दुभाष्याचे हे असेच असते. तो चांगला असेल, तर तो तेथे आहे हे कोणाच्या लक्षातही येत नाही.

त्यांच्या मंडळींची काम करण्याची रीत मुद्दाम जाणून घेण्यासारखी आहे. विंडोजची मूळ संहिता त्यांना पाहावयास मिळत नव्हती. इतकेच नव्हे, तर ज्याने ती कधी पाहिली असेल त्याने या कामात भाग घेऊ नये, असा त्यांचा कडक नियम आहे, म्हणजे चोरीचा आळ यावयास नको. मग विंडोज कशी वागते, हे कळावे कसे? तर प्रश्न विचारून. एक छोटासा प्रोग्रॅम लिहावयाचा, तो विंडोजवर चालवावयाचा, आणि ती काय उत्तर देते ते टिपून ठेवावयाचे. नाव न देता वही मागितली तर ती काय म्हणते? नसलेल्या खोलीचा पत्ता दिला तर कोणती चूक दाखविते? मग तोच प्रश्न वाइनला विचारावयाचा, आणि दोन्ही उत्तरे तंतोतंत जुळेपर्यंत वाइनमध्ये दुरुस्त्या करावयाच्या. अशा हजारो परीक्षा त्यांनी लिहून ठेवल्या आहेत.

यात आणखी एक मौज आहे. मूळ विंडोजमध्येही चुका आहेत, आणि काही खेळ त्या चुकांवरच विसंबून असतात. तेथे दुभाष्याने अधिक शहाणपणा दाखवून चूक सुधारली, तर खेळ बंद पडतो! पोथीची नक्कल करणाऱ्या कारकुनाने मूळ पानावर माशी चिकटलेली पाहून आपल्याही पानावर माशी चिकटविली, म्हणून ‘मक्षिकास्थाने मक्षिका’ असे म्हणून लोक त्याला हसतात. वाइनच्या कामात मात्र तो कारकून हसण्याजोगा ठरला नसता. तेथे माशी चिकटवावीच लागते.

ज्यांना संहिता लिहिता येत नव्हती, तेही या कामाला लागले. कोणता खेळ कोठवर चालतो, कोठे अडतो, आवाज फाटतो की चित्र काळे पडते, हे खेळून पाहावयाचे आणि सर्वांसाठी नोंदवून ठेवावयाचे, हे काम सामान्य खेळाडूंनी अंगावर घेतले. उत्तम चालणाऱ्या खेळाला प्लॅटिनम, त्याखाली सुवर्ण, रौप्य, कांस्य अशा पदव्या मिळत. मुळीच न चालणाऱ्याला ‘कचरा’ ही पदवी होती. ती वाचून त्या खेळाच्या चाहत्यांना काय वाटत असेल, ते तेच जाणोत!

मार्ग सरळ नव्हता. काही कंपन्यांनी वाइनची संहिता घेतली, खेळांसाठी तीत सुधारणा केल्या आणि त्या सुधारणा आपल्याजवळच ठेवल्या. तेव्हाच्या परवान्यात याला मनाई नव्हती, म्हणून त्यात बेकायदेशीर असे काही नव्हते. पण गावच्या विहिरीचे पाणी सर्वांनी न्यावे आणि गाळ काढण्याच्या दिवशी मात्र काहींनी घरी बसावे, अशातलाच तो प्रकार झाला. २००२ मध्ये वाइनच्या मंडळींनी परवाना बदलला. पाणी कोणीही न्यावे, परंतु वाइनमध्ये केलेली सुधारणा प्रसिद्ध करावयाची तर तिची संहिताही उघडी करावी, असा नवा नियम झाला. एवढे होऊनही पहिली ‘पूर्ण’ आवृत्ती निघावयास २००८ चा जून उजाडला. १९९३ मध्ये जे मूल जन्मले असेल, ते एव्हाना पंधरा वर्षांचे झाले होते.

तरीही मोठे, नवे खेळ वाइनवर नीट चालत नसत. आधुनिक खेळातील डोंगर, पाणी, ऊन-सावली ही चित्रे काढण्याचे काम संगणकातील एका स्वतंत्र चित्रयंत्राकडे असते, आणि विंडोजवरील खेळ त्याच्याशी डायरेक्ट-थ्री-डी नावाच्या भाषेत बोलतात. येथे दुभाष्याला दम धरवत नसे. चित्र सेकंदाला साठ वेळा नवे काढावयाचे, म्हणजे एका चित्राला सेकंदाचा साठावा भाग. तेवढ्यात हजारो आज्ञांचे भाषांतर उरकले नाही, तर धावणारा घोडा लंगडू लागतो.

फिलिप रेबोले या प्रोग्रॅमरला २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेला ‘नियर: ऑटोमाटा’ हा जपानी खेळ लिनक्सवर खेळावयाचा होता. तो वाइनवर नीट चालेना. दुसरा कोणी असता, तर त्याने विंडोजचा संगणक गाठला असता किंवा खेळाचा नाद सोडला असता. रेबोले यांनी नवा दुभाषाच लिहावयास घेतला. २०१६ मध्ये चित्रयंत्राशी बोलण्याची व्हल्कन नावाची एक नवी खुली भाषा प्रसिद्ध झाली होती. ती अधिक काटेकोर आणि वेगवान होती. डायरेक्ट-थ्री-डीचे थेट तिच्यात भाषांतर करावे, अशी त्यांची कल्पना होती. या दुभाष्याचे नाव डीएक्सव्हीके. त्याचा उगम कोणत्याही मोठ्या प्रयोगशाळेत झाला नाही. एका माणसाच्या, एक खेळ खेळण्याच्या इच्छेत झाला.

याच सुमारास एक मोठी कंपनी या कामात उतरली. स्टीम नावाचे खेळांचे प्रचंड दुकान चालविणारी वॉल्व्ह ही ती कंपनी होय. तिला लिनक्सचा पुळका आला होता, असे समजण्याचे कारण नाही. विंडोजच्या मालकांनी २०१२ मध्ये आपले स्वतःचे दुकान काढले, तेव्हा दुसऱ्याच्या जागेतील आपल्या दुकानाचे उद्या काय होईल, ही चिंता वॉल्व्हचे प्रमुख गेब न्यूवेल यांनी उघड बोलून दाखविली होती. २०१३ मध्ये स्टीम लिनक्सवर आले. २०१५ मध्ये लिनक्सवर चालणारी खेळयंत्रे विकून पाहिली, पण खेळच पुरेसे नसल्यामुळे ती फारशी खपली नाहीत. मग कंपनीने दुभाष्यांना हाताशी धरले. वाइनवर काम करणाऱ्यांना आणि रेबोले यांना तिने पैशाचे पाठबळ दिले, आणि २१ ऑगस्ट २०१८ रोजी वाइन, डीएक्सव्हीके व इतर काही अवजारे एकत्र बांधून ‘प्रोटॉन’ या नावाने प्रसिद्ध केली. त्याची संहिताही खुली आहे. आरंभी तपासून मान्य केलेल्या थोड्या खेळांच्या यादीत नियर: ऑटोमाटा होता. २०२२ च्या फेब्रुवारीत स्टीम डेक हे हातात धरून खेळण्याचे यंत्र निघाले. त्यात लिनक्स आहे. पण ते घेणाऱ्या पुष्कळांना त्या नावाचा पत्ताही नसतो. ते कळ दाबतात आणि विंडोजसाठी घडविलेला खेळ सुरू होतो.

म्हणजे कुंपण पुरते नाहीसे झाले काय? तसे नाही. २०२५ च्या ऑक्टोबरात स्टीमने आपल्या खेळाडूंची जी पाहणी केली, तीत लिनक्सवर खेळणारे शंभरात सुमारे तीन होते. शिवाय एक अवघड प्रश्न शिल्लक आहे. दूरदूरचे अनेक लोक एकाच वेळी जे सामने खेळतात, त्यांत लबाडी करणारेही शिरतात. भिंतीपलीकडचा गडी दिसावा, नेम आपोआप लागावा, अशा युक्त्या ते करतात. त्यांना पकडण्यासाठी काही खेळ प्रणालीच्या अगदी गाभ्यात आपला पहारेकरी बसवितात. लिनक्समध्ये गाभाही खुला. खेळाडूला तो बदलता येतो, आणि मग पहारेकऱ्याने विश्वास कशावर ठेवावा? ‘एपेक्स लेजेंड्स’ हा खेळ काही काळ लिनक्सवर चालत असे. २०२४ च्या ऑक्टोबरअखेर त्याच्या निर्मात्यांनी लबाडीचे कारण देऊन लिनक्सवाल्यांना दार बंद केले. प्रामाणिक खेळाडू फार हळहळले. निर्मात्यांची अडचण खोटी होती, असेही म्हणता येत नाही. विटीदांडूच्या डावात लबाडी होते, तेव्हा पाहावयास शेजारचे चार डोळे असतात आणि भांडण तेथल्या तेथे मिटते. हजारो कोसांवरच्या अनोळखी गड्यांमध्ये ते चार डोळे कोठून आणावयाचे, याचे समाधानकारक उत्तर खुल्या अंगणाला अद्याप सापडलेले नाही. मालकाच्या कुंपणातही लबाडी थांबलेली नाही, एवढे मात्र खरे.

राहता राहिला तो राजपुत्र. जॉर्डन मेकनर यांच्या हातची त्या खेळाची मूळ संहिता कित्येक वर्षे कोठे गेली, ते त्यांनाही ठाऊक नव्हते. २०१२ मध्ये त्यांच्या वडिलांना घरातील कपाटाच्या मागच्या बाजूला एक खोके सापडले. त्यात जुन्या तबकड्या होत्या. जाणकारांनी जपून त्या वाचल्या आणि मेकनर यांनी ती संहिता सर्वांना पाहावयास खुली केली. ती अगदी पहिल्या, अ‍ॅपल-टू संगणकावरील आवृत्तीची होती. डॉसवरच्या राजपुत्राची संहिता तिच्यात नव्हती. पण खेळाच्या हौशी चाहत्यांपैकी एकाने गोठवलेल्या आकड्यांतून त्या आवृत्तीची एकेक आज्ञा उलगडली आणि तो खेळ पुन्हा वाचता येईल अशा रूपात लिहून काढला. पडदा, ध्वनी आणि कळा यांच्यासाठी त्याने घेतली ती लँटिंगा यांची जुनी पेटी, एसडीएल.

म्हणून आता लिनक्सच्या संगणकावर, कोणत्याही दुभाष्याशिवाय, ते तळघर उघडते. साठ मिनिटांचे घड्याळ चालू होते, पांढऱ्या कपड्यांतील ती चिमुकली आकृती धावू लागते, आणि नवशिक्याच्या हातून पहिल्याच मोठ्या उडीला खड्ड्यात पडते.